चष्मा उतरवण्याआधी

गेल्या वर्षी शाबानच्या महिन्यात आमच्या थोरल्या मुलीसाठी एक रिश्ता आला. घराणे दीनदार, मुलगा कमावता. पाहुण्यांनी मुलगी पाहिली, चहा-शरबत झाले, बोलणे नीट झाले. निघताना मुलाच्या खालाने आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारले, "मुलगी फार चांगली आहे हो, पण हा चष्मा कायमचाच का?"

प्रश्न साधा होता, पण तो मुलीच्या कानावर गेला. पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अम्मी, लेसर करून टाकू. पंधरा मिनिटांचे काम असते. माझ्या वर्गातल्या दोघींनी केले आहे."

मुलगी एकवीस वर्षांची, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. सातवीपासून चष्मा आहे. तिच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. नकाब लावला की श्वासाच्या वाफेने काचा धुरकट होतात. चपातीच्या तव्यापाशी तेच. पावसात वेरूळच्या घाटातून बसने येताना समोरचे काही दिसत नाही. वुजूला बसताना चष्मा कुठे ठेवायचा आणि मग तो शोधायचा कसा, हा रोज पाच वेळचा प्रश्न. ज्यांना चष्मा नाही त्यांना हे क्षुल्लक वाटेल. आम्हाला स्वतःला चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागला तेव्हा कुठे ते कळले.

आम्ही जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवतो. मुलीचे अब्बू लेण्यांच्या रस्त्यावर छोटे दुकान चालवतात. पैशाचा प्रश्न होताच, पण भीती त्याहून मोठी होती. डोळ्याचे काम आहे, बिघडले तर कोणाकडे जायचे? म्हणून आम्ही ठरवले की 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी समजून घ्यायचे. त्या पाच-सहा महिन्यांत जे समजले ते इतर घरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

लेसर नेमके काय करते?

डोळ्याच्या अगदी पुढे एक पारदर्शक, गोलसर पडदा असतो. मराठी विज्ञानाच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात, उर्दूत करनिया, आणि डॉक्टर कॉर्निया म्हणतात. बाहेरचा प्रकाश आधी इथे वळतो, मग आतल्या भिंगातून मागच्या पडद्यावर पडतो. लांबचे न दिसणाऱ्या माणसाच्या डोळ्यात हा प्रकाश मागच्या पडद्याच्या थोडा अलीकडेच एकत्र येतो. चष्म्याची काच तो मागे ढकलते. लेसर काच लावत नाही. ते पारपटलालाच किंचित घासून त्याचा आकार बदलते.

प्रकाश, भिंगे आणि डोळा यांच्या अभ्यासाची ओळख शाळेत आपण युरोपच्या नावाने करून देतो. पण बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहून काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताबुल मनाझिर' लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर पडतात हे जुने मत त्यांनी नाकारले आणि वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे मांडले. आजच्या यंत्राच्या मागेही एक आपल्याकडचे नाव आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी एक्सायमर लेसर चालवून पाहिले. शेजारचा भाग न भाजता अतिशय बारीक आणि स्वच्छ खाच पडली. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत त्यांनी हे तंत्र डोळ्याच्या दिशेने नेले. ग्रीसमधील क्रीट बेटावरच्या इओआनिस पल्लिकारिस यांनी १९९०च्या सुमारास पारपटलाची पातळ चकती उचलून खाली लेसर चालवण्याची पद्धत बसवली. तीच आजची लॅसिक.

आज साधारण तीन रीती आहेत. पहिली लॅसिक : वरची चकती झाकणासारखी उचलतात, खाली लेसर चालवतात, चकती परत बसवतात. दुखणे कमी, दुसऱ्या दिवशी बहुतेकांना चांगले दिसते. दुसरी पीआरके : चकती नाही, फक्त वरची नाजूक त्वचा काढून लेसर. काही दिवस दुखते, नजर हळूहळू स्थिरावते, पण चकती हलण्याचा धोका नाही. तिसरी स्माईल : आतल्या आत एक छोटी भिंगासारखी पापुद्री कापून ती बारीक छेदातून बाहेर काढतात. ज्यांचा नंबर फार मोठा किंवा पारपटल पातळ, अशा काहींना लेसरऐवजी डोळ्यात कायमचे छोटे भिंग बसवण्याचा पर्याय सांगतात. यातली कोणती रीत आपल्याला, हे जाहिरातीवरून ठरत नाही. मोजमापावरून ठरते.

पहिला दवाखाना

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आमच्यापासून तीस किलोमीटर. मुलीच्या मैत्रिणीने सांगितलेल्या एका ठिकाणी आम्ही गेलो. जागा चकचकीत, बसायला गार हवा. अर्ध्या तासात तपासणी झाली. नंबर काढला, पारपटलाची जाडी मोजली. मग आम्हाला एका टेबलाशी बसवले. समोर डॉक्टर नव्हते, दर सांगणारा तरुण होता. तो म्हणाला, "जाडी पुरेशी आहे, काही अडचण नाही. रविवारपर्यंत नाव नोंदवले तर वीस टक्के सूट. हप्तेही करून देऊ, बिनव्याजी."

मुलीचे अब्बू अशा बाबतीत सावध आहेत. त्यांनी विचारले, "बिनव्याजी असेल तर हे प्रक्रिया शुल्क कशाचे? आणि हप्ता चुकला तर?" उत्तर गोलमोल आले. आम्ही विचारले, "ऑपरेशन कोण करणार? त्यांना भेटता येईल का?" तो म्हणाला, "डॉक्टर त्या दिवशी येतील."

मुलीचा चेहरा पडला होता. तिला वाटले आम्ही मोडता घालतो आहोत. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. घाट लागला तेव्हा म्हणाली, "तुम्हाला करायचेच नाही."

आम्ही म्हणालो, "करायचे असेल तर नीट करू. रविवार दर आठवड्याला येतो."

डब्यातल्या चिठ्ठ्या

शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. जाण्याआधीच फोनवर तीन सूचना आल्या : कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर दोन आठवडे आधी बंद करा, येताना स्वतः गाडी चालवत येऊ नका, आणि चष्म्याच्या नंबरच्या जुन्या चिठ्ठ्या असतील त्या सगळ्या आणा. पहिल्या ठिकाणी यातले काहीच विचारले नव्हते, आणि मुलगी तेव्हा कॉलेजात लेन्स लावत होती. लेन्सने पारपटलाचा आकार काही काळ बदलतो, म्हणून मोजमाप चुकू शकते, हे आम्हाला तेव्हा कळले.

चिठ्ठ्या रेशनकार्डाच्या डब्यात सापडल्या. तीन होत्या. अठराव्या वर्षी नंबर उणे ४.५०, तिरपा नंबर ०.७५. विसाव्या वर्षी उणे ५, तिरपा १.२५. एकविसाव्या वर्षी उणे ५.२५, तिरपा १.७५.

बाईंनी चिठ्ठ्या टेबलावर ओळीने लावल्या आणि आधी त्याच वाचल्या. मग मुलीला विचारले, "बेटा, डोळे चोळतेस का?"

उत्तर आम्ही दिले, "लहानपणापासून. धूळ सहन होत नाही तिला, सारखी खाज येते." वेरूळला उन्हाळ्यात गाड्यांची धूळ काय असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

त्या दिवशी तीन तास तपासण्या चालल्या. अश्रू पुरेसे येतात का, अंधारात बाहुली किती मोठी होते, डोळ्यातला दाब, औषध घालून मागचा पडदा. शेवटी पारपटलाचा नकाशा काढला, त्याला टोपोग्राफी म्हणतात. त्यात उंचसखल भाग रंगांनी दिसतात, भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशासारखे.

मग बाईंनी कागदावर हिशोब मांडला. मुलीच्या पारपटलाची जाडी ४९० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. लॅसिकची चकती सुमारे ११० मायक्रॉनची. एक नंबर उतरवायला साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन घासावे लागतात. तिरपा नंबर धरून मुलीला किमान ८४. उरले २९६. "खाली किमान अडीचशे ठेवायचेच असतात, मी स्वतः तीनशेच्या खाली सहसा जात नाही," बाई म्हणाल्या. "पण जाडी ही एकच गोष्ट नाही. हा नकाशा पाहा. खालचा भाग थोडा जास्त बाहेर आलेला आहे. तिरपा नंबर वाढतो आहे. डोळे चोळायची सवय आहे. हे केराटोकोनस आहे असे मी म्हणत नाही. पण शंका आहे, आणि शंका असताना मी लेसर करणार नाही."

केराटोकोनस म्हणजे पारपटल हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणे. ते बहुधा तरुण वयात सुरू होते, आणि दक्षिण आशियातल्या लोकांत जास्त दिसते. अशा डोळ्याला लेसरने आणखी पातळ केले तर पडदा फुगत जाऊ शकतो. मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. काहींना शेवटी दुसऱ्याच्या दान केलेल्या पारपटलाचे रोपण करावे लागते. वेळीच कळले तर मात्र औषधाचे थेंब आणि अतिनील प्रकाश यांनी पडदा घट्ट करण्याचा उपचार आहे. त्याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात.

मुलगी रडली. बाईंनी तिला रडू दिले. मग म्हणाल्या, "डोळे चोळणे आजपासून बंद. खाजेसाठी थेंब देते. सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढू. चष्मा लावून तुला उत्तम दिसते, हे विसरू नकोस." तपासणीचे पैसे घेतले तेवढेच. आम्ही बाहेर आलो तेव्हा मुलीचे अब्बू एवढेच बोलले, "हिने नको म्हटले, त्यात हिचा काय फायदा होता?"

कोणी करावे, कोणी थांबावे

लेसर वाईट आहे असा अर्थ कोणी काढू नये. आमच्याच शाळेतल्या एका शिक्षिकेने सहा वर्षांपूर्वी केले, ती समाधानी आहे. योग्य डोळा आणि योग्य हात असेल तर ते चांगले काम आहे. प्रश्न फक्त आपला डोळा योग्य आहे का, हा आहे.

वय अठरा पूर्ण हवे, आणि किमान वर्षभर नंबर बदललेला नसावा. गरोदर असताना आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, तेव्हा थांबावे. साखर ताब्यात नसेल, संधिवातासारखा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा आजार असेल, डोळे फार कोरडे असतील किंवा डोळ्यात कधी नागीण झाली असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

ऑपरेशन चांगले झाले तरी काही काळ डोळे कोरडे वाटतात, रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. काहींना हे कायम राहते. वेरूळ-कन्नड रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याने हा विचार आधी करावा. चाळिशीच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट : लेसरने लांबचा चष्मा जातो, पण वयाने येणारा जवळचा चष्मा त्याने टळत नाही. आम्ही स्वतःसाठीही विचारून पाहिले होते. बाई हसून म्हणाल्या, "मॅडम, मग वह्या तपासायला दुसरा चष्मा घ्यावाच लागेल."

वुजू, सुरमा आणि रोजा

आपल्या घरांत काही प्रश्न वेगळे असतात. ते दवाखान्यात विचारायला लोक लाजतात, म्हणून इथे मांडतो.

ऑपरेशननंतर साधारण आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते. वुजूत चेहरा कसा धुवायचा, डोळ्याभोवती ओल्या हाताने मसह पुरेल की तयम्मुम करायचे, हे आपल्या मसलकच्या आलिमांना आधीच विचारून ठेवावे. गुस्ल आणि केस धुण्याची सोय आधी करून ठेवावी. सजद्यात कपाळ कधीपासून टेकवायचे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. नमाजचे नाव घेऊन विचारले की ते नीट सांगतात.

थेंब काही आठवडे दिवसातून अनेकदा घालावे लागतात. डोळ्यातल्या थेंबांनी रोजा तुटत नाही, असे हनफी उलेमा सांगतात, आणि जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये हेच म्हटले आहे. मालिकी मसलकमध्ये थेंब घशात उतरला तर मत वेगळे आहे. तरीही धावपळ टाळायची तर तारीख रमजान आणि घरातल्या लग्नाच्या गर्दीपासून दूर ठेवावी.

सुरमा आणि काजळ डॉक्टर सांगतील तोपर्यंत बंद. आमच्या सासूबाईंना हे पटेना, सुन्नत आहे म्हणाल्या. मौलानासाहेबांनी त्यांना समजावले की इलाज करून घेण्याची ताकीदही त्याच नबींनी (स.) दिली आहे. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे आढळले आहे, हेही घरातल्या लहान मुलांसाठी लक्षात ठेवावे.

दवाखाना कसा निवडावा

आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे :

१. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना आधी भेटा. पदवी नेत्ररोगाची आहे का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. नंबर काढणारा तंत्रज्ञ आणि सर्जन यांत फरक आहे.

२. टोपोग्राफीशिवाय, जुने नंबर न विचारता कोणी 'हो' म्हणत असेल तर उठून या.

३. आपल्या तपासण्यांचे सगळे कागद आणि नकाशे मागून घ्या. ते तुमचे आहेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला तेच लागतात.

४. दरात काय काय धरले आहे ते लिहून घ्या : तपासणी, थेंब, नंतरच्या भेटी, आणि नंबर थोडा राहिला तर पुन्हा करण्याचा खर्च. विम्यावर अवलंबून राहू नका. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबरसाठीच्या उपचाराचा खर्च सर्वसाधारणपणे वगळलेला असतो.

५. ऑपरेशननंतर रात्री दुखले तर कोणता फोन उचलला जाईल, हे विचारा. गाव लांब असेल तर पहिली रात्र शहरात राहण्याची सोय करा.

६. पोलीस, सैन्य किंवा रेल्वे भरतीसाठी करत असाल तर त्या भरतीचा नियम आधी लेखी पाहा. लेसर कधी आणि कोणते चालते, हे प्रत्येक खात्यात वेगळे आहे.

७. शंका असेल तर मोठ्या ठिकाणी दुसरे मत घ्या. शहरात घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे. मराठवाड्यातले बरेच लोक हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत जातात. ती १९८७ पासून काम करते आहे आणि पारपटलाच्या आजारांसाठी ओळखली जाते.

८. आणि सर्वांत मुख्य : जिथे डॉक्टर 'नको' म्हणू शकतात, त्याच ठिकाणच्या 'हो' वर विश्वास ठेवा.

रिश्त्याचे काय झाले?

वाचक भगिनी हे विचारणारच. आम्ही मध्यस्थांमार्फत खरे ते कळवले : चष्मा राहणार, डोळ्याची तपासणी चालू आहे, लपवण्यासारखे काही नाही. महिनाभराने निरोप आला की त्यांचे दुसरीकडे ठरले. घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलीने शहरातून नवी फ्रेम आणली, काळ्या रंगाची, आधीपेक्षा मोठी. दादीला दाखवून म्हणाली, "कशी दिसते?" दादी म्हणाल्या, "मॅडम दिसतेस."

सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढला. आधीच्याइतकाच होता, वाढ नाही. अल्हम्दुलिल्लाह. बाईंनी पुन्हा सहा महिन्यांनी बोलावले आहे. लेसर पुढे कधी होईल का, ते त्याही सांगत नाहीत आणि आता मुलगीही विचारत नाही.

पण त्या खालाचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही, आणि त्याचे कारण आमच्या वर्गात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा दरवेळी दोन-चार मुलींना चष्मा सांगितला जातो. मुलगे चष्मा लावून येतात. मुलींपैकी काही येत नाहीत. एका आईने आम्हाला स्पष्ट सांगितले होते, "बाजी, आत्तापासून चष्मा लावला तर पुढे रिश्ता कसा येणार?" ती मुलगी पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचे चुकीचे उतरवते, आणि आपण तिला अभ्यासात कच्ची म्हणतो.

आधी आम्ही त्या आईला नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. या वर्षी शाळा उघडली तेव्हा तिला पुन्हा बोलावले, आमच्या मुलीची सगळी हकीकत सांगितली आणि ती तीन चिठ्ठ्यांची पुरचुंडी दाखवली. म्हणालो, "हिचा आजार चष्म्यामुळे आला नाही. चष्म्याच्या या कागदांमुळे वेळेवर कळला. तुमच्या मुलीचा पहिला कागद तरी होऊ द्या."

ती काही बोलली नाही. पुढच्या सोमवारी मुलगी चष्मा लावून आली.

आपल्या घरातही अशा चिठ्ठ्या असतील. शोधा, तारखेप्रमाणे लावा, जपून ठेवा. लेसर करायचे असो की नसो, डॉक्टरांपुढे आधी त्या ठेवा.